राखीव बाक रिकामा असतो तेव्हा

महाविद्यालयांच्या वार्षिक अंकांतील क्रीडा विभागाचा अहवाल उघडला की एक वाक्य हमखास सापडते : ‘पायाला दुखापत झालेली असतानाही अमुक खेळाडू शेवटच्या शिट्टीपर्यंत मैदानावर झुंजत राहिला.’ स्नेहसंमेलनात हेच वाक्य ध्वनिक्षेपकावरून वाचले जाते, टाळ्या पडतात आणि तो खेळाडू लंगडतच व्यासपीठावर येऊन आपले बक्षीस घेतो. मला या वाक्याविरुद्ध बोलायचे आहे. त्या खेळाडूच्या धैर्याविषयी माझ्या मनात शंका नाही; शंका आहे ती संघाविषयी. दुखऱ्या पायाने तो शेवटपर्यंत का खेळला, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर बहुतेक वेळा एकच असते. त्याच्या जागी उतरायला बाकावर कोणी नव्हते. मग आपण टाळ्या कशासाठी वाजवतो? एका मुलाच्या सहनशक्तीसाठी, की आपल्या सर्वांच्या गैरहजेरीसाठी?

आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागातील एखाद्या कला महाविद्यालयाचा फुटबॉल संघ डोळ्यांसमोर आणा. पटावर विद्यार्थी शेकड्यांनी, मैदानावर नेमाने येणारे बारा किंवा तेरा. याला मुलांचा आळस हे एकच कारण आहे असे मी म्हणणार नाही. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आणि धानकापणी यांची गाठ अनेकदा एकाच सुमारास पडते. मूल, सावली, ब्रह्मपुरी, आरमोरी, वडसा या धानाच्या पट्ट्यातील मुलगा त्या दिवसांत विळा घेऊन घरच्या बांधीत उभा असतो. राजुरा-कोरपन्याकडचा कापूस वेचणीत गुंतलेला असतो. कोणाला गावाकडची शेवटची एस. टी. गाठायची असते, म्हणून तो सरावाच्या ऐन वेळी बूट काढतो. कोणी पोलीस भरतीच्या तयारीत असतो व फुटबॉलमध्ये पाय मोडला तर काय, या भीतीने लांब राहतो. शेवटी वसतिगृहातील मुलांवर संघ उभा राहतो. अकरा जण खेळणारे आणि एक-दोघे ‘संघासोबत गाव पाहून येऊ’ म्हणून आलेले. २०११ साली गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले व आपल्या दोन जिल्ह्यांच्या स्पर्धा आपल्याच भागात होऊ लागल्या, ही आनंदाची गोष्ट. परंतु विद्यापीठ जवळ आले म्हणून बाकावरची माणसे वाढली नाहीत.

ही अडचण आपली एकट्याची आहे असे मात्र नाही. ज्यांचा खेळ हाच पोटापाण्याचा व्यवसाय आहे, ज्यांच्याकडे पगारी डॉक्टर, मालीश करणारे आणि व्यायामतज्ज्ञ आहेत, त्या युरोपातील फुटबॉल क्लबांनाही ती चुकलेली नाही. युरोपच्या फुटबॉल संघटनेने २००१ पासून मोठ्या क्लबांतील दुखापतींची पद्धतशीर नोंद ठेवलेली आहे. त्या नोंदींचा निष्कर्ष असा की पंचवीस खेळाडूंच्या संघात एका हंगामात साधारण पन्नास दुखापती होतात. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दोन. सर्वांत अधिक वेळा दगा देतो तो मांडीच्या मागचा स्नायू. श्रीमंत क्लबाला याची झळ कमी लागते, कारण त्याच्याकडे प्रत्येक जागेसाठी दोन तुल्यबळ खेळाडू असतात. लहान क्लबाची गोष्ट निराळी. त्याच्या यादीत नावे पंचवीस असली तरी ज्यांच्यावर भरवसा ठेवता येईल असे चौदा-पंधराच. शिवाय खेळाडूंची खरेदी-विक्री वर्षातून ठरावीक मुदतींतच करता येते. मुदत संपल्यावर दुसऱ्या आठवड्यात मुख्य आघाडीवीर जायबंदी झाला, तर पुढील मुदत उघडेपर्यंत आहे त्यांच्यावरच निभवावे लागते. आपल्याकडे खरेदी-विक्री नसली तरी प्रवेशिकेवर नावे गेली की तीच गत होते.

पूर्वी तर बदली खेळाडू ही सोयच नव्हती. इंग्लंडमधील १९५६ च्या एफ. ए. करंडकाच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीचा गोलरक्षक बर्ट ट्राउटमान प्रतिपक्षाच्या खेळाडूवर आदळला. सामना संपायला सुमारे सतरा मिनिटे उरली होती. मान धरून तो तसाच खेळला, संघ जिंकला, आणि काही दिवसांनी क्ष-किरण तपासणीत निघाले की त्याच्या मानेचे हाड मोडलेले होते. १९६६ च्या विश्वचषकात पोर्तुगालविरुद्ध पेलेला असे काही तुडवले गेले की उरलेला सामना तो मैदानाच्या कडेने लंगडत फिरत राहिला. नियमानुसार त्याच्या जागी कोणाला आणता येत नव्हते. १९७० च्या विश्वचषकात प्रथमच दोन बदली खेळाडूंची मुभा मिळाली. त्याच स्पर्धेच्या उपान्त्य सामन्यात इटलीविरुद्ध पश्चिम जर्मनीचे दोन्ही बदल संपलेले असताना बेकेनबाउअरचा खांदा निखळला आणि तो हात छातीशी बांधून शेवटपर्यंत खेळला. ते छायाचित्र आजही क्रीडाविषयक पुस्तकांत मोठ्या कौतुकाने छापले जाते.

या तिन्ही कथा आपण शौर्यकथा म्हणून वाचतो. खेळाचे नियम करणाऱ्यांनी मात्र त्यांतून वेगळा बोध घेतला. त्यांनी नियम बदलला. इंग्लंडच्या लीगमध्ये १९६५ साली जखमी खेळाडूसाठी एक बदल मान्य झाला, पुढे कारण काहीही असो बदल करता येऊ लागला, १९९५ पासून तीन बदल आले, २०२० मध्ये महामारीच्या काळात पाच झाले आणि २०२२ मध्ये ते कायम करण्यात आले. डोक्याला मार लागला असेल तर एक वेगळा, जादा बदलही आता करता येतो. म्हणजे ज्या प्रसंगांना आपण पराक्रम म्हणून मिरवतो, त्यांना नियमकर्त्यांनी व्यवस्थेतील उणीव मानले व ती साठ वर्षे थोडी थोडी भरून काढली. यात आणखी एक गंमत आहे. पाच बदलांचा प्रस्ताव आला तेव्हा इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधील लहान क्लबांनी २०२०-२१ च्या हंगामासाठी त्याला विरोध केला. त्यांचे म्हणणे सरळ होते : ज्याच्या बाकावर पाच तगडे खेळाडू आहेत त्यालाच या मुभेचा लाभ, आमच्या बाकावर आहे कोण? नियमाने दार उघडले तरी आत येणारा माणूस ज्याचा त्यानेच तयार करावा लागतो, हे त्या विरोधातून उघड झाले.

मग लहान संघ तगतात कसे? याची दोन उदाहरणे मला फार बोलकी वाटतात.

पहिले ॲस्टन व्हिला या क्लबाचे. १९८०-८१ च्या हंगामात या क्लबाने इंग्लंडची लीग जिंकली, ती बेचाळीस सामन्यांत एकूण अवघे चौदा खेळाडू वापरून. त्यांतील सात जण तर बेचाळीसच्या बेचाळीस सामने खेळले. यात दैवाचा वाटा मोठा होता, हे कोणीही मान्य करील. पण पुढची हकीकत अधिक महत्त्वाची आहे. त्या विजयामुळे व्हिला युरोपियन करंडकात उतरला आणि २६ मे १९८२ रोजी रॉटरडॅम येथे बायर्न म्युनिकविरुद्ध अंतिम सामना खेळला. पहिली दहा मिनिटेही झाली नसतील, तोच त्यांचा अनुभवी गोलरक्षक जिमी रिमर याची दुखावलेली मान त्याला खेळू देईना. तो बाहेर आला. आत गेला नायजेल स्पिंक. या तरुणाने तोपर्यंत मुख्य संघाकडून सबंध कारकिर्दीत एकच सामना खेळला होता. त्याने उरलेला सर्व वेळ गोल राखला, व्हिलाने तो सामना १–० असा जिंकला आणि युरोपचे विजेतेपद मिळवले.

आपल्या महाविद्यालयात ही गोष्ट सांगितली तर सर्व जण स्पिंकचे कौतुक करतील. मला त्याच्याइतकेच रिमरचे कौतुक वाटते. आयुष्यातील सर्वांत मोठ्या सामन्यात, नवव्या-दहाव्या मिनिटाला, ‘मला जमणार नाही’ असे सांगून बाहेर येणे ही सोपी गोष्ट नाही. आणि हे तो सांगू शकला, कारण बाकावर एक माणूस तयार बसलेला होता. वर्षानुवर्षे सामना न मिळताही सराव करत राहिलेला माणूस. चौदा जणांच्या त्या संघाने पंधराव्याला विसरलेले नव्हते.

दुसरे उदाहरण लेस्टर सिटीचे. २०१५-१६ मध्ये या क्लबाने प्रीमियर लीग जिंकून जगाला थक्क केले. त्या हंगामात त्यांनी तेवीस खेळाडू वापरले व दुखापती फार थोड्या झाल्या. प्रशिक्षक क्लॉडिओ रानिएरी खेळाडूंना आठवड्यात दोन दिवस पूर्ण विश्रांती देत असत. शिवाय लेस्टर त्या वर्षी युरोपीय स्पर्धांत नव्हता, इतर करंडकांतूनही लवकर बाहेर पडला. त्यामुळे सामन्यांचे ओझे प्रतिस्पर्ध्यांपेक्षा कमी होते. पुढच्या हंगामात युरोपीय सामन्यांची भर पडली, संघ लीगमध्ये घसरला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये रानिएरींना निरोप मिळाला. लहान संघ विश्रांतीवर जगतो. विश्रांती हिरावली की त्याचे लहानपण उघडे पडते. स्कॉटलंडमधील एका अव्वल क्लबाच्या नोंदींवरून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की आठवड्यात एकाऐवजी दोन सामने खेळले की दुखापतींचे प्रमाण सहापटीच्या घरात जाते. आता आपल्या बाद पद्धतीच्या स्पर्धा आठवा. आज सकाळी पहिली फेरी, जिंकलात तर उद्या उपान्त्य, परवा अंतिम. तीन दिवसांत तीन सामने, तेच अकरा जण, आणि रात्री झोप एखाद्या शाळेच्या फरशीवर सतरंजी टाकून. आपले सर्वांत मोठे सामने आपण सर्वांत थकलेल्या पायांनी खेळतो.

परदेश दूर वाटत असेल तर गोव्याकडे पाहू. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगलोरच्या श्री कंठीरव स्टेडियमवर फेडरेशन करंडकाच्या अंतिम सामन्यात गोव्याचा डेम्पो आणि कलकत्त्याचा मोहन बागान समोरासमोर होते. डेम्पोचा ब्राझिलियन आघाडीवीर क्रिस्तियानो ज्युनियर याने दोन्ही गोल केले. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर होऊन तो कोसळला आणि पुन्हा उठला नाही. डेम्पोने करंडक जिंकला. आपला सर्वोत्तम खेळाडू गमावून जिंकला. मैदानावर तातडीचे उपचार देण्याची काय तयारी होती, हा प्रश्न त्यानंतर देशभर विचारला गेला. क्लबाने त्याच्या दहा क्रमांकाच्या पोशाखाला कायमची निवृत्ती दिली. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली त्याच संघाने त्या हंगामाची राष्ट्रीय लीग जिंकली, आणि पुढील काही वर्षांत आणखी चार वेळा देशाचे विजेतेपद पटकावले. कुलासोंच्या संघाचा कणा गोव्यातील गावोगावच्या मुलांचा होता. परदेशी खेळाडू येत-जात राहिले, कोणी दुखावले, कोणी क्लब सोडून गेले. खालून येणारी स्थानिक मुले मात्र कधी आटली नाहीत. मोठ्या थैलीच्या संघांपुढे टिकण्याचा हाच त्यांचा मार्ग होता.

या दुर्घटनेच्या शेजारी २०२१ चा प्रसंग ठेवून पाहावा. १२ जून रोजी कोपनहेगनला डेन्मार्कचा क्रिस्तियन एरिक्सन खेळता खेळता कोसळला, त्याचे हृदय थांबले. काही क्षणांत वैद्यकीय पथक मैदानात आले, छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवले गेले, विजेचा झटका देणारे यंत्र जवळच होते, आणि तो वाचला. पुढे पुन्हा खेळूही लागला. दोन प्रसंगांतील शारीरिक कारणे वेगळी असतील; परंतु मैदानाच्या कडेला जाणता माणूस असणे म्हणजे काय, हे त्यातून समजते. आपल्या मैदानांच्या कडेला बहुधा एक पाण्याची बादली, एक क्रेप बँडेज आणि वेदनाशामक मलमाची डबी असते.

फुटबॉलपेक्षा आपल्या गावांत कबड्डी अधिक खेळली जाते. तिथेही हाच न्याय लागू आहे. चंदगड तालुक्यातील सिद्धार्थ देसाई याने २०१८ मध्ये प्रो कबड्डीत यू मुंबाकडून चढायांचे दोनशेवर गुण मिळवले आणि पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याला एक कोटी पंचेचाळीस लाखांना घेतले. २०२१-२२ च्या हंगामात तो सुरुवातीलाच दुखावला, आणि टायटन्सला बावीस सामन्यांत एकच विजय मिळाला. कोट्यवधी रुपये खर्चणाऱ्या संघाचाही सारा डोलारा एकाच गड्यावर उभा असू शकतो. पैसा असला म्हणजे बाक भरतोच असे नाही.

आता मी मूळ मुद्द्याकडे येतो. लहान संघाचा खरा शत्रू दुखापत नव्हे. दुखापतीनंतरचे ते पाच मिनिटांचे संभाषण हा त्याचा शत्रू आहे. खेळाडू खाली बसलेला असतो. कर्णधार विचारतो, ‘जमेल ना बे?’ प्रशिक्षक बाकाकडे पाहतात व मान फिरवतात. सगळे उत्तर त्या मान फिरवण्यातच असते. मुलगा म्हणतो, ‘जमते.’ या ‘जमते’ला आपण त्याचा स्वतंत्र निर्णय समजतो. पण ज्याला ‘नाही’ म्हणण्याची सोयच नाही, त्याच्या ‘हो’ला काय किंमत? युरोपातील क्लबांचाच आणखी एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या क्लबांत प्रशिक्षक आणि डॉक्टर यांच्यातील बोलणे-चालणे चांगले, तेथे दुखापतींचे ओझे कमी. जेथे ते बिघडलेले, तेथे अधिक, असे त्यात दिसून आले. डॉक्टर असून चालत नाही, डॉक्टरांचे ऐकून घेणारा कोणीतरी असावा लागतो. आपल्याकडे तर खेळाडू, कर्णधार व प्रशिक्षक या तिघांपैकी प्रत्येकाला सामना जिंकायचा असतो. पायाची बाजू घेणारा चौथा कोणी नसतो.

आणि पाय तर आपल्याकडे फार महाग आहे. युरोपातील क्लबाच्या खेळाडूचा गुडघा गेला तर क्लब शस्त्रक्रिया करतो, करार असेतो पगार देतो. आपल्या मुलाचा गुडघा गेला तर? गुडघ्याच्या आतील अस्थिबंधाची शस्त्रक्रिया म्हटले की आपल्याकडे नागपूरचे नाव निघते. सिरोंच्याहून गडचिरोली गाठायलाच दोनशेच्या आसपास किलोमीटर. भामरागडची पर्लकोटा पावसाळ्यात पुलावर चढली की तिकडचा मार्गही बंद. घरचे लोक साहजिकच जवळच्या हाडवैद्याकडे नेतात, तो ताज्या सुजेवर तेल लावून चोळतो आणि सूज वाढते. पायाचे काम मात्र थांबत नाही. रोवणीला गुडघाभर चिखलात वाकून उभे राहायचे, मे महिन्यात तेंदूपत्त्यासाठी पहाटेच रान गाठायचे. पोलीस शिपायाच्या भरतीत मुलांना सोळाशे आणि मुलींना आठशे मीटर धावायचे, वनरक्षकाच्या भरतीत मुलांना पाच आणि मुलींना तीन किलोमीटर. आपल्या दोन जिल्ह्यांतील कितीतरी घरांची सगळी आशा या धावण्यावर टांगलेली आहे.

माझ्या परिचयातील एका मुलाची हकीकत सांगतो. त्याचे वा त्याच्या संघाचे नाव सांगण्याचे कारण नाही. पहिल्या सामन्यात त्याचा घोटा मुरगळला. दुसऱ्या दिवशी पट्टी करकचून बांधून तो उतरला, कारण संघात बाराच जण होते आणि बारावा तापाने फणफणत होता. घोटा पुन्हा मुरगळला. संघ हरला तो हरलाच. एकदा दुखावलेला घोटा नीट बरा होण्याआधी वापरला की तो पुन्हा पुन्हा दगा देतो, हे वैद्यकशास्त्राने ठामपणे सांगितले आहे. पुढच्या भरतीत धावताना तिसऱ्या फेरीला तोच घोटा त्याच्याखालून निसटला. त्याच्या नावाचे प्रशस्तिपत्र घरी भिंतीवर आहे. त्यावर ‘जिद्दी खेळाडू’ असे लिहिले आहे.

यावर आक्षेप येईल तो मला ठाऊक आहे. ‘असे जपून खेळायचे तर खेळायचेच कशाला? खेळ म्हटला की लागणारच. आणि इतक्या अटी घातल्या तर आपल्या भागात संघच उरणार नाहीत.’ आक्षेपाचा पहिला भाग मला अर्धा मान्य आहे. लागणार हे खरे. खरचटले, गुडघा सोलला, मार बसला म्हणून कोणी बाहेर बसावे असे मी म्हणत नाही. परंतु वेदना सोसणे आणि इजा वाढवणे यांत फरक आहे, आणि तो फरक सामन्याच्या धुंदीत असलेल्या खेळाडूला कळत नाही. दुसऱ्या भागाचे उत्तर खेळाच्या नियमांतच आहे. सातांपेक्षा कमी खेळाडू उरले तर फुटबॉलचा सामना चालू ठेवता येत नाही. अमुक संख्येखाली संघ हा संघ राहत नाही, हे नियमानेच मानले आहे. मी एवढेच म्हणतो की महाविद्यालयाने आपल्यापुरती ही रेषा थोडी वर आखावी.

माझ्या सूचना चार आहेत, आणि चारही आपल्या ऐपतीतल्या आहेत.

पहिली : सोळा नावे झाल्याशिवाय प्रवेशिका पाठवू नये. ही सोळा जणांची यादी जुलैमध्येच व्हावी, म्हणजे धानकापणीत चौघे गेले तरी बारा माणसे उरतील. प्रत्येक राखीव खेळाडूला दोन जागांचा सराव असावा आणि प्रत्येक सामन्यात निदान दोघांना काही मिनिटे तरी उतरवावे. जो वर्षभर फक्त बाटल्या भरतो, तो ऐन वेळी स्पिंक होऊ शकत नाही.

दुसरी : सरावापूर्वी वीस मिनिटे. जागतिक फुटबॉल संघटनेने ‘अकरा अधिक’ नावाची व्यायामांची एक मालिका सिद्ध केली आहे. सावकाश धावणे, पोटाचे व मांड्यांचे व्यायाम, एका पायावर तोल सांभाळणे, उडी मारून गुडघा सरळ रेषेत ठेवून उतरणे, असे त्याचे स्वरूप आहे. नॉर्वेतील तेरा ते सतरा वर्षांच्या अठराशेहून अधिक मुलींवर याची चाचणी झाली व २००८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकूण दुखापती सुमारे एक-तृतीयांशाने घटल्या. मुलींच्या गुडघ्याच्या अस्थिबंधाला मुलांपेक्षा अधिक धोका असतो, म्हणून आपल्या मुलींच्या संघांनी तर हे प्रथम करावे. त्यातील एक व्यायाम असा : गुडघ्यांवर उभे राहायचे, साथीदाराने मागून घोटे दाबून धरायचे, आणि शरीर ताठ ठेवून हळूहळू पुढे झुकायचे. एवढ्यानेच मांडीच्या मागच्या स्नायूच्या दुखापती जवळजवळ निम्म्या होतात. याला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. एक साथीदार लागतो.

तिसरी : दुखापत झाल्यावर खेळाडूने खेळावे की नाही, हे कर्णधाराने किंवा प्रशिक्षकांनी ठरवू नये. प्रथमोपचार शिकलेल्या एका प्राध्यापकाने किंवा ज्येष्ठ विद्यार्थ्याने ठरवावे, आणि त्याचा शब्द अखेरचा असावा. डोक्याला मार लागून क्षणभरही भान हरपले असेल तर प्रश्नच विचारू नये. त्या दिवसापुरता खेळ संपला. ताज्या सुजेवर मालीश व शेक नको. थंड पाणी किंवा फडक्यात गुंडाळलेला बर्फ, बेताची पट्टी, पाय उंच आणि विश्रांती, एवढे तरी प्रत्येकाला ठाऊक असावे. छाती दाबून श्वास-रक्त चालू ठेवण्याची क्रिया राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात सहज शिकवता येईल.

चौथी : क्रीडा शुल्क आपण सर्व जण भरतो, खेळणारेही आणि न खेळणारेही. त्यातील काही भाग केवळ जायबंदी खेळाडूच्या औषधपाण्यासाठी व प्रवासखर्चासाठी बाजूला ठेवावा. महाविद्यालयाचे नाव छातीवर लावून खेळणाऱ्याने उपचारासाठी बापाला धान विकायला लावू नये.

या चारही सूचनांना मान्यता देणे प्राध्यापकवर्गाच्या हाती आहे. पण पहिली सूचना आपल्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या हजेरीवाचून पुरी होणार नाही. येत्या जुलैत सूचनाफलकावर संघासाठी नावे मागवली जातील. उत्तम खेळणारे सात-आठ जण नावे देतीलच, त्यांना सांगावे लागत नाही. माझी विनंती इतरांना आहे. ज्याला वाटते की ‘आपल्याला काही फारसे खेळता येत नाही, आपण जाऊन काय करणार,’ नेमक्या त्याची संघाला गरज आहे. त्याने रोज संध्याकाळी तासभर मैदानावर यावे, दोन जागा शिकाव्यात आणि सामन्याच्या दिवशी बूट बांधून बाकावर बसावे. कदाचित वर्षभर त्याला दहा मिनिटेही खेळायला मिळणार नाही. तरीही तो तिथे बसलेला आहे एवढ्यामुळेच मैदानावरचा एखादा मुलगा वेळीच हात वर करून बाहेर येऊ शकेल.